किंचित वाकलेली पट्टी: व्हाइस की हातोडा?
सुरीसाठी आणलेली ३-४ मिमी जाड पोलादी पट्टी मऊ असतानाच, पाणी देण्याआधी (म्हणजे तापवून, बुडवून कडक करण्याआधी), न तापवता थंडच सरळ करावी. फूटपट्टीची कड टेकवून उजेडासमोर धरा. फट सर्वांत मोठी तिथे खडूची खूण करा.

हातोडा झटपट चालतो. फुगीर बाजू वर ठेवून लाकडी ठोकळ्यावर बेताने ठोकायचे. पण ऐरणीवर लोखंडी हातोड्याने ठोकलंत तर खळगे पडतात, ते घासताना जाडी जाते. लांब, सलग बाक असेल तर हातोडा ठीक.

आमची पसंती मात्र व्हाइसला, म्हणजे दोन जबड्यांत वस्तू आवळून धरणाऱ्या शिकंजाला. ८ मिमी सळीचे तीन तुकडे घ्या: दोन एका जबड्यावर ८-१० सेंमी अंतराने, तिसरा समोर मधोमध, फुगीर बाजूला. हळूहळू आवळा, सोडा, पाहा. पोलाद उसळून मागे येतं, म्हणून सरळ रेषेच्या थोडं पलीकडे न्यावंच लागतं. किती, ते दोन-तीनदा आवळल्यावर हाताला कळतं. एकाच जागी दाबत राहिलात तर तिथे कोन पडतो, आणि तो काढणं मूळ बाकापेक्षा अवघड. दर वेळी सळ्या सेंटिमीटरभर सरकवा.

पाणी दिलेल्या पात्यावर यातलं काहीच नको. ते काचेसारखं तुटतं.