ग्रिड कुठे आखावा: आलेखाच्या कागदावर, फिग्मात की थेट ब्राउझरमध्ये?

दादरच्या एका नाट्यसंस्थेच्या वेबसाइटच्या पहिल्या पानाचा ग्रिड, म्हणजे मजकूर आणि फोटो बसवायची कॉलमांची चौकट, आखताना माझी नऊ स्केचेस झाली: सहा कागदावर, दोन फिग्मा या ऑनलाइन डिझाइन-साधनात, एक थेट ब्राउझरमध्ये. असं काम हाती घेताय आणि सुरुवात कुठून करावी कळत नसेल, तर माझा कौल कागदाला. मात्र कागद कधी बाजूला ठेवायचा, हेही ठरवून घ्या.

९६० पिक्सेलची, १२ कॉलमची जुनी चौकट स्केचसाठी आजही सोयीची आहे. ६० पिक्सेलचा कॉलम आणि २० पिक्सेलची मोकळी जागा, म्हणजे कॉलममागे ८० पिक्सेल. आलेखाच्या कागदावर १ सेंटिमीटरला ८० पिक्सेल धरले की अख्खं पान १२ सेंटिमीटरमध्ये मावतं आणि आडव्या ए४वर दोन पर्याय शेजारीशेजारी बसतात. मला निर्णय मिळाला तो इथेच. डावीकडे ८+४ची विभागणी: नाटकाचा फोटो ६२० पिक्सेल, प्रयोगांचं वेळापत्रक ३००. उजवीकडे ७+५: ५४० आणि ३८०. पहिल्यात फोटो देखणा दिसत होता, पण प्रेक्षक पानावर येतो तो प्रयोग कुठे आणि किती वाजता हे बघायला. पाच मिनिटांत ७+५ ठरलं. पेन्सिलीचं स्केच टाकून देताना जीव तुटत नाही, हा कागदाचा मोठा गुण.

फिग्मा मी फक्त दाखवण्यापुरतं वापरतो. ठाण्यातला निर्माता आणि अंधेरीतला छायाचित्रकार एकच फाइल बघू शकतात, हे खरंच उपयोगी. पण तिथलं कच्चं कामही पूर्ण झाल्यासारखं दिसतं आणि चर्चा रचना सोडून रंगांवर जाते.

ब्राउझरला मात्र पर्याय नाही, मराठी पानासाठी तर नाहीच. कागदावर मजकूर म्हणून आपण सरळ रेघा ओढतो. रेघेला ना उकार असतो, ना रफार. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या सवयीने फॉन्टच्या १.२ पट ठेवलं, तर वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीला टेकतो; मी दीडपटीच्या खाली जात नाही. शिवाय आपले प्रत्यय शब्दालाच चिकटतात. ‘महानगरपालिकेकडून’ हा एकच शब्द अरुंद कॉलम फुगवून शेजारच्याची जागा खातो, कारण सीएसएस ग्रिडमध्ये (ब्राउझरला पानाची चौकट सांगणाऱ्या कोडमध्ये) १ एफआर, म्हणजे मोकळ्या जागेतला एक वाटा, असं लिहिलेला कॉलम आतल्या सर्वांत लांब शब्दाहून लहान होत नाही. त्याची किमान रुंदी शून्य दिली की कॉलम जागेवर राहतो, पण शब्द कुठे तुटू द्यायचा ते आपल्यालाच सांगावं लागतं. ‘शिवाजी मंदिर, दादर’ एका ओळीत बसलं आणि ‘दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह, विलेपार्ले’ दोन ओळींत गेलं, हे मला खरा मजकूर ओतल्यावरच दिसलं. सहा स्केचेसमध्ये ते कुठेच नव्हतं.

सीएसएस ग्रिड २०१७पासून प्रमुख ब्राउझरांत आहे. त्यात भागांना नावं देऊन ती ओळीने लिहिता येतात. कोड जवळजवळ स्केचसारखाच दिसतो, त्यामुळे कागदावरून तिथे उतरणं सोपं जातं.

दोनच दिवस हातात असतील तर फिग्मा गाळा. फोनचं स्केच मात्र गाळू नका: ३६० पिक्सेल म्हणजे त्याच कागदावर साडेचार सेंटिमीटरची पट्टी. लोकलमध्ये एका हाताने दांडी धरून बघणाऱ्यासाठी वेळापत्रक फोटोच्या वर हवं, हे मला त्या पट्टीवर कळलं.