एमजीबीचे जुळे एसयू कार्ब्युरेटर घरी उघडल्यानंतरचे आठ महिने

गाडी १९६६ सालची एमजीबी, ब्रिटिश स्पोर्ट्स कार. बी-सिरीजचं १७९८ सीसी, पाच बेअरिंगचं इंजिन, दोन एसयू एचएस-४ कार्ब्युरेटर, लुकासचा २५डी डिस्ट्रिब्युटर आणि पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं. मुक्काम इंग्लंडात, घरामागच्या गॅरेजात. ऑक्टोबरमध्ये कार्ब्युरेटर उतरवले आणि नोव्हेंबरपासून जूनपर्यंत गाडी नियमित रस्त्यावर आहे. दोन्ही कार्ब्युरेटरांचे थ्रॉटल स्पिंडल (हवेची चकती फिरवणारे दांडे), जेट, सुया, फ्लोटचे व्हॉल्व्ह आणि गॅस्केटं नवी टाकली. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंट-कंडेन्सरच्या (स्पार्कसाठी विद्युतप्रवाह तोडणाऱ्या जोडीच्या) जागी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवलं. पेट्रोलच्या रबरी नळ्या सगळ्या बदलल्या.

पैशाचं सर्वांत जास्त चीज केलं ते स्पिंडलने. मॉड्यूल चांगलं आहे, पण त्याचं कौतुक जरा जास्तच होतं. सुया आणि जेट जुने झिजले असतील तरच बदलावेत. नवीन म्हणून घेतलेला रोटर (डिस्ट्रिब्युटरमध्ये फिरून प्लगांना स्पार्क वाटणारा तुकडा) मात्र सगळ्यांत वाईट निघाला.

या गाडीने आयडलिंगला थरथर सुरू केली की हात आधी कार्ब्युरेटरकडे जातो, आणि नेमका तोच शेवटी उघडायचा असतो. टॅपेट (व्हॉल्व्हची फट), मग स्पार्क, मग हवेची गळती आणि सगळ्यांत शेवटी मिश्रण, हा क्रम मोडू नये. टॅपेट आवळलेला असेल तर तो सिलिंडर कमी वेगात अर्धवट ओढतो. माणूस ते झाकायला मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) करतो, प्लग काळे पडतात, आणि मग प्लगांवर खापर फुटतं.

टॅपेटला थंड इंजिनवर १५ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ०.३८ मिमी. आठ व्हॉल्व्हना नऊचा नियम लावायचा: आठवा पूर्ण दाबलेला असेल तेव्हा पहिला सेट करायचा, सातवा दाबलेला असेल तेव्हा दुसरा, बेरीज नेहमी नऊ. जुन्या अँबॅसडरचं १४८९ सीसी इंजिन याच घराण्यातलं, त्यामुळे त्या इंजिनावर हात बसलेल्यांना इथे परकं काही वाटणार नाही. एक फसवी जागा मात्र आहे. रॉकरच्या टोकाला व्हॉल्व्हच्या दांड्याने खळगा पाडलेला असतो. फीलर गेजची सपाट पट्टी त्या खळग्यावर पूल टाकल्यासारखी बसते आणि १५ थाऊ दाखवते, खरी फट जास्त असते. सेट करूनही टकटक राहते ती यामुळे. खळगा असलेला रॉकर काढून घासून घ्या किंवा बदला.

आता स्पार्क. पॉइंट ठेवायचे असतील तर फट १५ थाऊ, ड्वेल (पॉइंट मिटलेले राहतात तो कोन) ६० अंशांच्या आसपास. मॉड्यूल घेताना गाडीची पोलॅरिटी बघून घ्या. १९६७ च्या शेवटी आलेल्या मार्क टू पासून एमजीबी निगेटिव्ह अर्थ झाली. त्याआधीच्या गाडीला पॉझिटिव्ह अर्थचंच मॉड्यूल लागतं, चुकीचं जोडलं तर ते क्षणात जळतं. कॉइल साधी, तीन ओहमच्या आसपासची. इंजिन बंद असताना इग्निशन चालू ठेवून वायरिंग तपासत बसू नका, कॉइल आणि मॉड्यूल दोन्ही तापतात.

आठ महिन्यांत टायमिंग जागचं हललं नाही, हा मॉड्यूलचा खरा फायदा. पॉइंटचा फायबरचा टेकू झिजतो, फट कमी होते आणि टायमिंग हळूहळू मागे सरकतं. ते इथे होत नाही. पण ताज्या सेट केलेल्या पॉइंटांपेक्षा गाडी जास्त ओढते, असं काही नाही. डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट बुशमध्ये डुगडुगत असेल तर मॉड्यूल ते थोडं सहन करतं, बरं करत नाही. बेसप्लेटची बारीक अर्थची वायर मात्र नक्की तपासा. व्हॅक्यूमने प्लेट मागेपुढे होते, वायर आतल्या आत तुटते, वरचं आवरण शाबूत दिसतं, आणि अॅक्सिलरेटर दाबला की मिसिंग येतं.

रोटरबद्दल. पितळी पट्टी रिव्हेटने ठोकलेला रोटर घेऊ नका. रिव्हेट आणि शाफ्ट यांच्यामधलं प्लास्टिक पातळ असतं, ते गरम झालं की स्पार्क तिथूनच शाफ्टला जातो. इंजिन थंड असताना गाडी छान चालते, वीस मिनिटांनी एकाएकी बंद पडते, गार झाली की पुन्हा सुरू. लक्षणं तंतोतंत पेट्रोल न येण्यासारखी, म्हणून दोन दिवस पंपात जातात. रिव्हेट नसलेला, अंगाने जाड रोटर घ्यावा, आणि जुना चालता रोटर फेकू नये. तो, पॉइंट आणि कंडेन्सर डिकीत एका डब्यात असावेत.

टायमिंग स्टॅटिक (इंजिन बंद ठेवून) पिस्टन माथ्यावर येण्याच्या १० अंश आधी, स्ट्रोबने (चमकत्या दिव्याने) ६०० आरपीएमला १४ अंश, व्हॅक्यूमची नळी काढून. या सालच्या गाडीत खुणा पुलीच्या खालच्या बाजूला असतात, वरून दिसत नाहीत. पुलीच्या खाचेत पांढरा रंग भरा आणि खाली वाकून बघा. रोटर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो, म्हणून टायमिंग पुढे घ्यायचं तर डिस्ट्रिब्युटरची बॉडी घड्याळाच्या दिशेने फिरवायची. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, प्लगची फट २५ थाऊ.

आता स्पिंडल. एसयूमध्ये पिस्टन किती वर जाईल हे आत येणारी हवा ठरवते, आणि पिस्टनला लावलेली निमुळती सुई जेटमधून तेवढंच पेट्रोल सोडते. सगळा हिशेब पिस्टनखालून जाणाऱ्या हवेचा. स्पिंडलच्या बाजूने चोरून येणारी हवा या हिशेबात धरलेलीच नसते. उघडला की स्पिंडल उजेडात धरा: मधला भाग चकचकीत गोल, आणि जिथे बॉडीत फिरतो तिथे एका बाजूला बोटाच्या नखाला लागेल अशी पायरी. तेवढ्या पायरीने आयडलिंग कधी ७०० तर कधी ११०० होतं, आणि कितीही सेट केलं तरी दुसऱ्या दिवशी बदललेलं असतं.

थ्रॉटलच्या चकतीला दोन बारीक स्क्रू असतात आणि त्यांची टोकं चिरून फाकवलेली असतात. ती आधी कानशीने सपाट करा, मगच फिरवा. नाही तर स्क्रू स्पिंडलचे आटे घेऊनच बाहेर येतो, किंवा मधेच तुटतो. काढण्याआधी चकतीची बाजू आणि दिशा खुणेने लिहून ठेवा, तिची कड तिरकी घासलेली असते. नवीन स्पिंडल घालून स्क्रू सैल ठेवा, चकती दोन-चार वेळा झटक्याने बंद करा म्हणजे ती आपोआप मध्यावर बसते, दिव्यापुढे धरून कडेने उजेड येत नाही ना बघा, मग स्क्रू आवळा. टोकं फाकवताना स्पिंडलखाली आधार द्या. तिथून सुटलेला स्क्रू थेट सिलिंडरात जातो, म्हणून ही पायरी कधीच टाळू नये.

नवीन स्पिंडल घालूनही डुगडुग राहिली तर बॉडीची भोकं लांबट झाली आहेत. तिथे रीमर मारून बुश बसवावे लागतात आणि दोन्ही भोकं एका रेषेत यावी लागतात. घरच्या हँड ड्रिलने हे करू नका, लेथवर करून घ्या. इथे पुढच्या कार्ब्युरेटरला नुसता स्पिंडल पुरला, मागच्याला बुश लागले.

पिस्टन आणि त्याची घुमटी ही जोडी असते, पुढची-मागची अदलाबदल करायची नाही. पॉलिश पेपर लावायचा नाही, पेट्रोलने पुसायचं, आणि तेलाचा एक थेंब फक्त दांड्याला. सुईचा खांदा पिस्टनच्या तळाशी सपाट. एमजीबीला लाल खुणेची स्प्रिंग आणि ९० थाऊंचा जेट.

स्थिर सुईच्या कार्ब्युरेटरात जेट मध्यावर आणणं हेच खरं कसबाचं काम. अॅडजस्टिंग नट स्प्रिंग काढून पूर्ण वर चढवा, त्यामागचा मोठा लॉक नट सैल करा, डँपर (घुमटीतला तेलात बुडालेला दट्ट्या) काढून पेन्सिलने पिस्टन खाली दाबून ठेवा आणि नट आवळा. पिस्टन उचलून सोडला की ‘टक्’ असा कोरडा धातूचा आवाज यायला हवा. तोच आवाज जेट पूर्ण खाली ओढूनही ऐका. खाली असताना आवाज जास्त स्पष्ट येत असेल तर जेट अजून तिरका आहे. नट आवळतानाच जेट सरकतो, म्हणून चार-पाचदा करावं लागलं तर वैताग नको.

गळती झाली ती एकाच ठिकाणी: फ्लोटच्या भांड्यातून जेटकडे जाणाऱ्या नायलॉनच्या नळीला. रबरी ग्लँडच्या पुढे निदान ३/१६ इंच, साधारण ५ मिमी, नळी बाहेर हवी. कमी राहिली तर नट कितीही आवळा, दोन आठवड्यांनी थेंब येतोच. फ्लोटची उंची झाकण उलटं धरून १/८ इंचाच्या ड्रिलने मोजा.

ट्यूनिंग इंजिन पूर्ण गरम झाल्यावर. जेट पुलाशी (पिस्टनखालच्या सपाट जागेशी) सपाट आणून नट १२ पैलू, म्हणजे दोन पूर्ण फेरे खाली. थ्रॉटलचे जोड सैल करून दोन्ही तोंडांची हवा सारखी करा, गेज नसेल तर रबरी नळी कानाला लावून फुसफुस ऐका. मग पिस्टन उचलणारी खालची पिन जेमतेम ०.८ मिमी उचला. वेग वाढून वाढलेलाच राहिला तर रिच, इंजिन बसायला लागलं तर लीन (पेट्रोल कमी), क्षणभर किंचित वाढून खाली आला तर बरोबर. एका वेळी एकच पैलू, आणि प्रत्येक बदलानंतर हवा पुन्हा मोजा, कारण दोघांना जोडणाऱ्या बॅलन्स पाइपमुळे एका कार्ब्युरेटरचा बदल दुसऱ्याला जाणवतो. काचेचा कलरट्यून प्लग हे ताडून बघायला उत्तम: पिवळट ज्योत म्हणजे रिच, निळी म्हणजे ठीक, पांढुरकी निळी म्हणजे लीन. थ्रॉटलचे जोड पुन्हा आवळताना त्यांची पिन आणि खाच यांत १२ थाऊंची फट ठेवा, दोन्ही थ्रॉटल एकाच क्षणी उघडले पाहिजेत. मॅन्युअल आयडलिंग ५०० सांगतं. आजच्या पेट्रोलवर ७५० ते ८०० ला ही गाडी समाधानी आहे.

पेट्रोलचं म्हणाल तर ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल १० टक्के इथेनॉलचं आहे, सुपर मात्र ५ टक्क्यांचं मिळतं. या गाडीत सुपरच घाला. भारतात आता २० टक्क्यांपर्यंत गेलंय, तिथल्या जुन्या गाडीवाल्यांनी नळ्यांकडे जास्तच लक्ष द्यावं. नळीवर ‘एसएई जे-३० आर-९’ छापलेलं हवं. साधी रबरी नळी आतून मऊ होते, तिचे काळे कण फ्लोटच्या व्हॉल्व्हमध्ये अडकतात आणि पेट्रोल वाहू लागतं. चाळीस वर्षांपुढची, फार बदल न केलेली गाडी २०१८ पासून एमओटीतून (ब्रिटनमधल्या वार्षिक सक्तीच्या तपासणीतून) सुटली आहे. म्हणजे वर्षातून एकदा कुणी तिच्याखाली वाकून बघणार नाही, ते आपणच बघायचं.

मागच्या उजव्या चाकाजवळचा एसयू पंप ऐकायची सवय ठेवा. इग्निशन चालू, इंजिन बंद: थोडा वेळ टकटक आणि मग शांतता. दर दोन-तीन सेकंदांनी टक्‌ येत राहिली तर फ्लोटचा किंवा पंपाचा व्हॉल्व्ह धरत नाही. अखंड वेगात वाजत असेल तर टाकी रिकामी आहे किंवा पंप कुठून तरी हवा ओढतोय.

आठ महिन्यांनंतरही न सुटलेलं एकच आहे. उन्हाळ्यात वीस मैल चालवून गाडी बंद केली आणि दहा-पंधरा मिनिटांनी चावी फिरवली, तर पहिला अर्धा मिनिट ती अडखळते. कार्ब्युरेटर एक्झॉस्टच्या डोक्यावर बसलेले, भांड्यातलं पेट्रोल उकळतं. इन्सुलेटरचे ठोकळे तडकलेले नसावेत, दोन्ही बाजूंना गॅस्केट हवं, आणि उष्णतेचा पत्रा जागेवर हवा. त्याच्या मागचं जुनं राखाडी अस्तर ॲस्बेस्टॉसचं असू शकतं, ते खरवडू नका. गरम इंजिन सुरू करताना चोक अजिबात ओढायचा नाही, अॅक्सिलरेटर एक-तृतीयांश दाबून धरायचा. डँपरचं २०डब्ल्यू-५० तेल उन्हाळ्यात लवकर उतरतं. झाकण बसवताना शेवटचा पाव इंच दाब जाणवला नाही तर लगेच भरा, नाही तर अॅक्सिलरेटर दाबल्यावर गाडी क्षणभर श्वास रोखते.