मुदत फाइलला लावायची की कागदाला?

नर्सिंग होमचं जुनं रेकॉर्ड संगणकावर न्यायचं ठरलं की सगळी चर्चा स्कॅनर आणि सर्व्हरवर होते. कुठला कागद कधीपर्यंत ठेवायचा, हे सॉफ्टवेअरला कसं सांगणार, ते ठरवायचं राहून जातं. त्याच्या दोन रचना आहेत.

पहिलीत एका आयपीडी (दाखल रुग्णाच्या) नंबरची एकच फाइल आणि तिला एकच मुदत. बांधायला सोपी, एमआरडीत, म्हणजे रेकॉर्ड विभागात, एकटा माणूस असला तरी निभावतं. रुग्णाने रेकॉर्ड मागितलं तर 72 तासांत द्यावं लागतं, ते इथे एका फाइलीतून निघतं.

दुसरीत प्रत्येक प्रकारच्या कागदाला वेगळा नियम. काम वाढतं, पण कायद्याची मोजणीच तशी आहे. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे आंतररुग्णाचं रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून 3 वर्षं. गर्भवतीच्या सोनोग्राफीचा एफ फॉर्म 2 वर्षं, पण प्रकरण चालू असेल तर निकाल लागेपर्यंत. गर्भपाताचं अ‍ॅडमिशन रजिस्टर ज्या कॅलेंडर वर्षाचं आहे, ते वर्ष संपल्यापासून 5 वर्षं. शिवाय ते गोपनीय, त्यामुळे रुग्णाच्या फाइलीत घालताच येत नाही.

रचना कुठलीही घ्या, घोळ एकाच जागी होतो. अपघाताचा रुग्ण 4 मार्चला दाखल झाला, सॉफ्टवेअरने त्याच क्षणी नष्ट करायची तारीख काढून साठवली. एमएलसीचा, म्हणजे पोलिस प्रकरणाचा, शिक्का 5 तारखेला पडला. साठवलेली तारीख तशीच राहते आणि 3 वर्षांनी कोर्टात लागणारी फाइल नष्ट करायच्या यादीत येते. म्हणून तारीख साठवू नका. घटना आणि नियम साठवा, हिशोब रोज रात्री नव्याने होऊ द्या. वकिलाची नोटीस किंवा पोलिसांचं पत्र आलं की लागणारी ‘रोखून ठेवा’ खूण सगळ्या नियमांच्या वर हवी. ती काढायला एमआरडी इनचार्ज आणि मेडिकल सुपरिंटेंडंट, दोघांचीही मंजुरी घ्या.

नष्ट केलेल्या नोंदींची यादी वेगळी जपा. बॅकअप परत चढवला की पुसलेल्या फाइली जिवंत होतात; ती यादी लगेच पुन्हा चालवावी लागते.

कॅज्युअल्टी (अपघात विभाग), सोनोग्राफी आणि प्रसूती विभाग नसलेल्या 20-30 खाटांच्या ठिकाणी पहिली रचना घ्या, मुदत मात्र सढळ ठेवा. यातलं एक जरी असेल तर दुसरीच. खर्च वाढला तरी.

राहिला सर्व्हर. 26 जुलै 2005 ला मुंबईत सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस पडला होता. तळमजल्यावर सर्व्हर नकोच, आणि एक प्रत मुंबईबाहेर असू द्या.