मानदुखीसाठी व्यायाम आणि रबरी पट्टा : काही महिन्यांच्या वापरानंतर

व्यायामाचा लाल रबरी पट्टा गेल्या आठवड्यात दाराच्या बिजागरीपाशी टचकन तुटला आणि दुकानदाराने ‘वापरलेला माल परत घेत नाही’ म्हणून हात वर केले, तेव्हा हे लिहायला घेतले. असे पट्टे बहुधा नुसत्या ओढल्याने तुटत नाहीत; बिजागरीच्या कडेने त्यांना बारीकशी चीर पडते आणि तीच पुढे फाटत जाते. पट्टा अडकवायच्या जागी जुन्या सुती कापडाची घडी ठेवावी, एवढी साधी सूचना कोणत्याही वेष्टणावर नसावी याचा राग येतो.

मानदुखी मात्र पट्ट्यानेच हटली. त्याआधी फिजिओथेरपी केंद्राने पैसे आगाऊ घेऊन शेक आणि ट्रॅक्शनचे (यंत्राने मान ओढून ताण देण्याचे) पॅकेज गळ्यात मारले होते. शेक घेतल्यावर संध्याकाळपुरते बरे वाटे, पण सकाळी संगणकापुढे बसले की मान पुन्हा धरे. तेवढ्या पैशांत हलक्या पिवळ्यापासून जड काळ्यापर्यंत सगळ्या ताकदीचे पट्टे आले असते. काटकसर करणाऱ्यांनी डेन्मार्कमधील 2011 चा अभ्यास लक्षात ठेवावा : कार्यालयीन कर्मचाऱ्यांनी 10 आठवडे असा पट्टा ओढला, तेव्हा रोज 2 मिनिटे देणाऱ्यांचे दुखणेही 12 मिनिटे देणाऱ्यांच्या जवळपास कमी झाले.

उताणे झोपून हनुवटी किंचित आत घेण्याचा व्यायाम पहिले दोन महिने मला निव्वळ वेळकाढूपणा वाटत होता. ते मत आता राहिलेले नाही, कारण त्याशिवाय पट्टा ओढला की खांदे कानांकडे चढतात आणि मानेच्या पुढचे स्नायू दोरीसारखे ताठरतात. ऑस्ट्रेलियातील फिजिओथेरपिस्ट ग्वेंडोलिन जुल यांच्या पद्धतीत हाच व्यायाम मानेखाली हवेची पिशवी ठेवून करतात; हनुवटी आत घेत पिशवीतला दाब 20 पासून 30 मिलिमीटर पाऱ्यापर्यंत दोन-दोनने वाढवतात आणि प्रत्येक पायरी 10 सेकंद धरतात. ते उपकरण महाग असल्याने मी टॉवेलची गुंडाळी ठेवतो आणि मानेच्या पुढचे ते स्नायू मऊच आहेत ना, हे बोटांनी चाचपतो.

नुसती मान ताणण्याने तात्पुरता मोकळेपणा येतो, त्याहून अधिक काही नाही. हाताला मुंग्या येत असतील, पकड सैल पडली असेल किंवा चालताना तोल जात असेल, तर मात्र यातले काहीही न करता आधी डॉक्टर गाठावा.

पॅकेजचे उरलेले पैसे केंद्र परत देत नाही. म्हणून आता तिथे गेलो की शेक नाकारतो आणि पट्टा ओढताना माझे खांदे चढतात का, तेवढेच तपासून घेतो.