पाटीवर एक डॉक्टर, टेबलापाशी दुसराच

मूळव्याध, हर्निया, पित्ताशयातले खडे, गुडघा, केसांचं रोपण. मुंबईत उपचारांतल्या फसवणुकीच्या तक्रारी फिरून फिरून याच कामांवर येतात, कारण ही ऑपरेशनं ठरवून करायची असतात. रुग्णाला घाई नसते. तशी घाई आहे हे पटवून देणारा माणूस मात्र पगारावर ठेवलेला असतो.

प्रकार साधारण असा घडतो. फोनवर उपचार शोधला की वरच्या ओळी जाहिरातींच्या असतात. नंबर भरला की लगेच फोन येतो. बोलणारी व्यक्ती डॉक्टर नसते, पण ‘लेझरने एका दिवसात घरी’ हे तीच सांगते. तपासणी मोफत. दादरच्या किंवा ठाण्याच्या एखाद्या केबिनमध्ये एक डॉक्टर दोन मिनिटं बघतो आणि ‘ग्रेड थ्री आहे, लवकर उरका’ म्हणतो. पैशांचं बोलणं बाहेर बसलेला कोऑर्डिनेटर करतो: ॲडव्हान्स भरा, मेडिक्लेमचं आम्ही बघतो. ऑपरेशन होतं तिसऱ्याच नर्सिंग होममध्ये, जिथली ओटी (ऑपरेशन थिएटर) जाहिरात करणाऱ्या कंपनीने तेवढ्यापुरती घेतलेली असते, आणि करतो भलताच सर्जन. त्याचं नाव रुग्णाला कळतं डिस्चार्ज कार्डावर, तेही सही वाचता आली तर. पुढे जखमेत पू झाला की केबिनमधला डॉक्टर म्हणतो ‘मी केलंच नाही’, नर्सिंग होम म्हणतं ‘आम्ही फक्त जागा दिली’, आणि कोऑर्डिनेटर फोन उचलत नाही. पावती कंपनीच्या नावाची असते. वैद्यक परिषद नोंदणीकृत डॉक्टरवर कारवाई करते, कंपनीवर तिचा अधिकार चालत नाही. पावतीवर डॉक्टरचं नाव का नसतं, हे यावरून समजून घ्या.

म्हणून पैसे भरण्याआधी एकच गोष्ट लेखी मागावी: ऑपरेशन प्रत्यक्ष कोण करणार, त्याचं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक. व्हॉट्सॲपवर लिहून आलं तरी चालेल. भूल देणाऱ्या डॉक्टरचंही नाव घ्या. ‘आमची सीनियर टीम आहे’ हे उत्तर आलं तर तिथून उठावं. यात आपण काही जगावेगळं मागत नाही. डॉक्टरांच्या व्यावसायिक वर्तनाच्या २००२ च्या नियमांनुसार नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावणं आणि प्रिस्क्रिप्शन, प्रमाणपत्र, पैशांची पावती या सगळ्यांवर छापणं बंधनकारक आहे.

क्रमांक हातात आला की तो वाचता यायला हवा. महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा अलीकडचा क्रमांक वर्ष, महिना आणि अनुक्रम असा असतो, म्हणजे २०१६/०५ ने सुरू होणारा क्रमांक २०१६ च्या मे महिन्यातला. जाहिरातीत ‘वीस वर्षांचा अनुभव’ असेल आणि क्रमांक २०१६ चा असेल, तर प्रश्न विचारायलाच हवा. डॉक्टर दुसऱ्या राज्यातून आलेला असेल तर तिथला जुना क्रमांक तो सहज दाखवू शकतो. ‘आय’ने सुरू होऊन पुढे ‘ए’ असलेला क्रमांक आयुर्वेदाच्या परिषदेचा असतो. होमिओपॅथीची आणि दातांच्या डॉक्टरांची परिषद आणखी वेगळी. परिषदेच्या साइटवर नावाने किंवा क्रमांकाने शोधा आणि तीन गोष्टी बघा: नाव जुळतं का, नोंदणीची मुदत चालू आहे का (दर ५ वर्षांनी नूतनीकरण लागतं), आणि एमबीबीएसच्या पुढची पदवी तिथे चढवलेली आहे का. पाटीवर एम. एस. आणि नोंदीत नुसतं एमबीबीएस, असं दिसलं तर मूळ प्रमाणपत्र मागा. दवाखान्यात लावलेला नोंदणीचा क्यूआर कोड स्कॅन केलात तर उघडणारा पत्ता परिषदेचाच आहे ना, हेही बघा. भिंतीवर चिकटवलेला कोड कुठेही नेऊ शकतो.

पदव्यांमध्ये खरी मेख आहे. पाटी जवळ जाऊन वाचा. ‘एम. एस.’ ठळक आणि त्यापुढे बारीक अक्षरांत ‘(आयु.)’ असेल तर ती आयुर्वेदातली पदव्युत्तर पदवी. नोव्हेंबर २०२० च्या अधिसूचनेने अशा वैद्यांना ठरावीक ५८ शस्त्रक्रियांची मुभा दिली आहे. ती पदवी खोटी नाही, पण आपण कोणाकडे जातोय हे रुग्णाला आधी कळलं पाहिजे. रशियासारख्या देशांतून आणलेली ‘एमडी’ बहुतेक वेळा आपल्या एमबीबीएसच्या तोडीची पहिली पदवी असते. तिच्या जोरावर कोणी फिजिशियन तज्ज्ञ होत नाही. ‘एमडी (एएम)’ म्हणजे अल्टरनेटिव्ह मेडिसिन, ‘बीईएमएस’ म्हणजे इलेक्ट्रोहोमिओपॅथी. या दोन्हींवर ॲलोपॅथीची प्रॅक्टिस करता येत नाही. ‘कॉस्मेटिक सर्जन’ ही पदवीच नव्हे. प्लास्टिक सर्जरीसाठी त्या विषयातली एम. सीएच. किंवा डीएनबी बघा. आणि नोंदीत चढलेली पदवीही कधी कधी बनावट निघते. २०१८ साली परळच्या सीपीएस (कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स) या संस्थेच्या बनावट पदव्या दाखवणाऱ्या पन्नासहून जास्त डॉक्टरांवर राज्याच्या वैद्यक परिषदेनेच कारवाई केली होती.

पदवीचा हा काथ्याकूट कशासाठी, असं वाटत असेल तर मुंबईतलाच पूनम वर्मा खटला आठवा. होमिओपॅथीच्या डॉक्टरने तापाच्या रुग्णाला ॲलोपॅथीची औषधं दिली, रुग्ण दगावला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ज्या शास्त्रातली पात्रता नाही त्यात उपचार करणं हाच निष्काळजीपणा, आणि पत्नीला ३ लाखांची भरपाई दिली.

आता जुन्या तक्रारींकडे. अमेरिकेत राज्यांच्या वैद्यक मंडळांच्या साइटवर डॉक्टरवरची शिस्तभंगाची कारवाई नावाने बघता येते. आपल्याकडे अशी एक खिडकी नाही, माहिती विखुरलेली आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या रजिस्टरमध्ये काळ्या यादीतली नावं वेगळी शोधता येतात, पण तिथे फार थोडी प्रकरणं पोचतात. जास्त उपयोगी पडतं ते ग्राहक आयोगाचं ई-जागृती पोर्टल. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालापासून पैसे देऊन घेतलेला उपचार ग्राहक कायद्यात येतो, त्यामुळे बहुतेक भांडणं तिथेच जातात. शोधताना डॉक्टरचं नाव आणि हॉस्पिटलचं नाव स्वतंत्रपणे टाका, ‘डॉ.’ लावून आणि न लावता, आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी. आयोग वेगवेगळे आहेत: दक्षिण मुंबई, मध्य मुंबई, उपनगर, वर राज्य आयोग. मुंबईचे सर्जन ठाण्यात आणि नवी मुंबईतही बसतात, म्हणून ठाणे जिल्हा सोडू नका.

नंतर न्यायालयांच्या ई-कोर्ट्स साइटवर पक्षकाराच्या नावाने शोधा. तिथे वर्ष द्यावं लागतं, म्हणून एकेक वर्ष घेत मागे जा. मुंबई उच्च न्यायालयाच्या साइटवरचा शोध बहुतेक जण करतच नाहीत. परिषदेने नोंदणी स्थगित केली की डॉक्टर तिच्याविरुद्ध उच्च न्यायालयात जाऊ शकतो. अशा वेळी डॉक्टर अर्जदार असतो आणि समोर महाराष्ट्र वैद्यक परिषद. रुग्णाचं नाव शोधून जे मिळत नाही ते या जोडीने सापडतं.

सापडलेलं वाचायचं कसं, यात घोटाळा होतो. तक्रार दाखल असणं म्हणजे दोष सिद्ध होणं नाही. अवघड शस्त्रक्रिया करणाऱ्या चांगल्या सर्जनवरही एखाददुसरी केस असते आणि ती फेटाळलेलीही असते. निकाल शेवटपर्यंत वाचा. चिंता कशाची करायची? एकाच तऱ्हेची तक्रार पुन्हा पुन्हा असेल, संमतीशिवाय जास्तीचं ऑपरेशन, ऑपरेशनच्या वेळी दुसराच सर्जन, केसपेपर न देणं, तर. उलट काहीच न सापडणं ही हमी नव्हे, कारण आपसात मिटवलेली प्रकरणं निकालापर्यंत येतच नाहीत. आणि गूगलवरचे पाच तारे या कामात मोजूच नका. ते विकत मिळतात, आणि नाराज रुग्णाचा शेरा काढून घेण्याच्या अटीवर पैसे परत केले जातात.

नर्सिंग होमची चौकशी थोडक्यात होते. मुंबईत नोंदणी महापालिकेकडे असते. प्रमाणपत्र दर्शनी भागात हवं, मुदत ३ वर्षांची असते, शंका वाटली तर वॉर्ड ऑफिसातल्या आरोग्य अधिकाऱ्याकडे विचारा. २०२१ च्या सुधारित नियमांप्रमाणे रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावलेलं असायला हवं.

संमतीपत्रावर मात्र थांबा. ओटीच्या दारात, गाउन घातल्यावर पुढे केला जाणारा कागद बहुधा छापील असतो आणि सर्जनच्या नावापुढे रिकामी रेघ असते. ती रेघ भरल्याशिवाय सही करू नका. कोणतं ऑपरेशन, कोणत्या बाजूचं, कोण करणार, हे हाताने लिहवून घ्या आणि फोटो काढा. तपासणीसाठी दिलेली संमती ऑपरेशनची संमती ठरत नाही, हे समीरा कोहली खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे.

ज्यांचं ऑपरेशन होऊन गेलं आणि बिघडलं, त्यांनी भांडणाआधी कागद मिळवावेत. संपूर्ण इनडोअर केसपेपरसाठी लेखी अर्ज द्या आणि प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. त्यात ऑपरेशन नोट, भुलेची नोंद, संमतीपत्र आणि नर्सिंग चार्ट नाव घेऊन मागा, नाहीतर डिस्चार्ज कार्ड हातात देऊन बोळवण होते. २००२ च्या नियमांनुसार ७२ तासांत कागद द्यावे लागतात. ऑपरेशन नोटवरचं नाव आणि आधी व्हॉट्सॲपवर आलेलं नाव ताडून बघा. ग्राहक आयोगाकडे तक्रार करायची मुदत २ वर्षांची. दिलेले पैसे ५० लाखांपर्यंत असतील तर जिल्हा आयोग, ५ लाखांपर्यंत फी नाही, आणि २०१९ च्या कायद्याने तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते. डोंबिवलीच्या माणसाने त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही. तक्रारीत कंपनी, नर्सिंग होम, केबिनमधला डॉक्टर आणि प्रत्यक्ष ऑपरेशन करणारा सर्जन, चौघांनाही सामनेवाले (विरुद्ध पक्ष) करा. एकाला वगळलं की बाकीचे सगळा दोष त्याच्यावर ढकलतात.