पैशाची किल्ली कोणाच्या हाती द्यावी? पाच दावेदारांची तुलना

स्वीडनमध्ये १६४४ साली दहा डालरचं (डालर हे तिथलं तेव्हाचं चलन) एक तांब्याचं नाणं निघालं. वजन १९.७ किलो. नाणं कसलं, बसायचा पाटच तो, चार कोपऱ्यांवर आणि मध्ये शिक्के ठोकलेला. देशात चांदी कमी आणि तांबं भरपूर, म्हणून चांदीच्या मोलाचं तांबं मोजून द्यायचं, असा सरकारी हिशेब होता. योहान पाल्मस्ट्रुकच्या खासगी बँकेने १६६१ मध्ये कागदी नोटा काढल्या आणि लोकांचे खांदे सुटले. पण तिजोरीतल्या धातूला झेपतील त्यापेक्षा जास्त नोटा बाजारात गेल्या, लोक त्या वटवायला आले आणि बँक बसली. पाल्मस्ट्रुकला फाशीची शिक्षा झाली (पुढे ती माफ झाली). १६६८ मध्ये संसदेने आपल्या अखत्यारीत नवी बँक काढली, तीच आजची स्वीडनची मध्यवर्ती बँक. तिला सुरुवातीला नोटा काढायची मनाईच होती. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यायचं, तसं.

राजाची टांकसाळ, खासगी बँक आणि संसद, तिघांचेही हात एकाच पिढीने पाहिले. पैसा निर्माण करायचा अधिकार कोणाकडे असावा, या वादात आज ज्याला आपलं मत ठरवायचंय, त्याच्यापुढे हे तीन आणि आणखी दोन पर्याय आहेत. मी प्रत्येकाला दोनच प्रश्न विचारतो. हा हात चुकला तर भुर्दंड कोण भरतं? आणि त्याला आवरणारं कोणी आहे का?

थेट सरकार

सरकारची बाजू समजून घ्यायला इंग्लंडच्या खजिन्यातल्या काठ्या पाहाव्यात. हेझल नावाच्या झाडाच्या काठीवर रकमेच्या खुणा कोरायच्या आणि काठी उभी चिरायची. एक अर्धं खजिन्याकडे, दुसरं देणेकऱ्या-घेणेकऱ्याकडे. दोन तुकडे जोडले की लाकडाच्या रेषा जुळल्या पाहिजेत, त्यामुळे खोटी काठी करणं जवळजवळ अशक्य. या काठ्यांत ना सोनं ना चांदी, तरी त्या शतकानुशतकं चालल्या, कारण खजिना त्या हिशेबात मान्य करायचा. कर म्हणून सरकार जे घेतं त्याला मोल येतं, हा मुद्दा सोन्याचे भक्त नेहमी विसरतात. (१८३४ मध्ये जुन्या काठ्या भट्टीत जाळताना संसदेची इमारतच पेटली, हा भाग वेगळा.)

गोची अशी की सरकार स्वतःच मोठं कर्जदार असतं. पैसा स्वस्त झाला की त्याचं कर्ज आपोआप हलकं होतं. रोमन सम्राटांनी चांदीच्या नाण्यात हीण मिसळायला सुरुवात केली आणि इसवी सन २६० च्या दशकात नाण्यात पाच टक्केही चांदी उरली नव्हती. हंगेरीत जुलै १९४६ मध्ये किमती साधारण दर पंधरा तासांनी दुप्पट होत होत्या. भुर्दंड भरला तो पगारावर आणि साठवलेल्या रोकडीवर जगणाऱ्यांनी. आवरणारं कोणी नव्हतं.

सोनं

सोन्याला निवडणूक लढवायची नसते, म्हणून ते विश्वासू वाटतं. पण पैशाचा पुरवठा मग खाणींवर अवलंबून राहतो. १८७३ ते १८९६ या काळात चलन सोन्याला बांधलेल्या देशांत भाव घसरत राहिले. शेतकऱ्याने काढलेलं कर्ज तेवढंच, पिकाचे पैसे मात्र दर वर्षी कमी. म्हणजे सोनंही कोणाची तरी बाजू घेतंच, सावकाराची. महामंदीत हे आणखी उघडं पडलं. ब्रिटनने सप्टेंबर १९३१ मध्ये सोन्याशी असलेली गाठ सोडली, आणि ज्यांनी ती लवकर सोडली ते साधारणपणे लवकर सावरले. माझ्या मते हा पर्याय इतिहासानेच निकालात काढलाय.

बिटकॉइन

हे सोन्याचंच संगणकी रूप. जानेवारी २००९ मध्ये सुरू झालं, कमाल संख्या २ कोटी १० लाख. ‘इथे कोणाचाच हात नाही’ हा दावा मला पटत नाही. २०१७ मध्ये नियमांवरून भांडण झालं आणि एक गट वेगळं नाणं घेऊन बाहेर पडला. म्हणजे नियम माणसंच ठरवतात, फक्त त्यांना जाब कुठे विचारायचा ते कळत नाही.

खासगी बँका

बहुतेकांना वाटतं, पैसा म्हणजे सरकारने छापलेल्या नोटा. ब्रिटनच्या मध्यवर्ती बँकेने २०१४ मध्ये स्पष्ट लिहिलं की चलनात असलेल्या पैशातला ९७ टक्के हिस्सा बँकांतल्या ठेवींचा आहे. बँक कर्ज मंजूर करते तेव्हा कर्जदाराच्या खात्यात तेवढी रक्कम लिहिते, आणि त्या क्षणी नवा पैसा जन्माला येतो. दुसऱ्या कोणाची ठेव उचलून दिलेली नसते.

हे थांबवावं का, यावर स्वित्झर्लंडने जून २०१८ मध्ये चक्क सार्वमत घेतलं. तीन चतुर्थांश मतदारांनी ‘नको’ म्हटलं. मीही तेच म्हटलं असतं. कर्ज कोणाला द्यावं हे एका सरकारी कचेरीपेक्षा अनेक बँकांना बरं कळतं. पण बँका तेजीत एकदम सैल सुटतात आणि मंदीत एकदम हात आखडतात. २००८ मध्ये नफा त्यांचा आणि तोटा करदात्यांचा झाला. लगाम बाहेरचाच हवा.

स्वायत्त मध्यवर्ती बँक

अमेरिकेत १९७९ मध्ये पॉल व्होल्कर मध्यवर्ती बँकेच्या प्रमुखपदी आले. महागाई मोडायला त्यांनी व्याजदर २० टक्क्यांच्या आसपास जाऊ दिले. घरबांधणी ठप्प झाली. बांधकामवाले घराच्या सांगाड्यात वापरायचे लाकडी तुकडे निषेध म्हणून टपालाने त्यांना पाठवू लागले आणि शेतकरी ट्रॅक्टर घेऊन बँकेच्या इमारतीवर गेले. १९८२ च्या अखेरीस बेकारी १०.८ टक्के होती. महागाई मात्र १९८३ पर्यंत चार टक्क्यांच्या खाली आली. मतं मागायला दारोदार जाणाऱ्याने हे केलं नसतं. पण भुर्दंड भरणाऱ्या बेकारांनीही व्होल्करना निवडलेलं नव्हतं.

बरं, स्वायत्तता दिली की काम फत्ते, असंही नाही. जर्मनीची मध्यवर्ती बँक मे १९२२ मध्ये कायद्याने स्वायत्त झाली होती. तिने नोटा छापणं सुरूच ठेवलं आणि नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागले.

मला पटते ती न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्याने घातलेली वाट. त्यात महागाईचं लक्ष्य निवडून आलेलं सरकार बँकेशी ठरवून जाहीर करत असे, आणि ते कसं गाठायचं यात ढवळाढवळ करत नसे. ब्रिटनने १९९७ मध्ये लक्ष्य सरकारकडे आणि व्याजदर बँकेकडे अशीच विभागणी केली. लक्ष्य एका टक्क्याहून जास्त हुकलं की गव्हर्नरने अर्थमंत्र्याला जाहीर पत्र लिहून कारण द्यायचं. माझ्या दुसऱ्या प्रश्नाला निदान इथे उत्तर मिळतं. म्हणून माझं मत याला: लक्ष्य निवडून आलेल्या सरकारचं, व्याजदर मध्यवर्ती बँकेचा, आणि रोजचं कर्जवाटप कडक नियमांखाली बँकांचं.

एक गोष्ट तरीही खटकते. २००८ नंतर व्याजदर तळाला गेले, तेव्हा ब्रिटनच्या याच मध्यवर्ती बँकेने नवा पैसा निर्माण करून सरकारी रोखे विकत घेतले. शेअर आणि रोख्यांचे भाव चढले. तिच्याच २०१२ च्या अहवालानुसार अशी ४० टक्के मालमत्ता वरच्या ५ टक्के कुटुंबांकडे होती. महागाईचं लक्ष्य हुकलं की पत्र लिहावं लागतं, या फायद्याच्या वाटणीबद्दल पत्राचा नियम नाही.