राज्यसभेचा निकाल समजून घ्यायचा असेल, तर म्हापशातील हा वर्तमानपत्रांचा स्टॉल

म्हापसा बसस्थानकाकडून बाजारपेठेत जाणाऱ्या वाटेवरचा वर्तमानपत्रांचा हा स्टॉल दिसायला अगदी साधा आहे. पुढे लाकडी फळी, फळीवर गोव्यातील मराठी, कोकणी आणि इंग्रजी दैनिके, मागे दोरीला चिमट्यांनी लावलेली साप्ताहिके आणि दिवाळीनंतर काही महिने दिवाळी अंक, एवढाच त्याचा पसारा. आपले नाव छापू नये, अशी मालकांची विनंती असल्यामुळे ते देत नाही. मी या स्टॉलची शिफारस करतो ती एका विशिष्ट गरजेसाठी. राज्यसभेच्या निवडणुकीचा निकाल ज्यांना नुसता ऐकायचा नसून समजून घ्यायचा आहे, त्यांना इतकी उपयुक्त सेवा देणारे दुसरे ठिकाण बार्देश तालुक्यात मला माहीत नाही.

लोकसभेच्या मतमोजणीत आघाडी आणि पिछाडी डोळ्यांसमोर सरकत असते, त्यामुळे दूरचित्रवाणी तेथे पुरेशी ठरते. राज्यसभेत मात्र मतदार म्हणजे विधानसभेचे निवडून आलेले सदस्य, मते मोजकी आणि पसंतीक्रमाची. त्यामुळे कोण जिंकले ही बातमी एका ओळीत संपते आणि कसे जिंकले हे कळायला दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचा मजकूर वाचावा लागतो. स्टॉलची खरी सेवा येथेच आहे. मतदानाच्या आदल्या दिवशी सांगून ठेवले, की निकालाच्या दिवसाचे आणि पुढच्या दोन दिवसांचे अंक, गोव्यातील दैनिकांबरोबर सिंधुदुर्ग, कोल्हापूर आणि मुंबई आवृत्त्यांसह, आपल्यासाठी एकत्र बांधून ठेवले जातात. छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेतला जात नाही.

या व्यवस्थेचे मोल मला कळले ते जून २०२२ मध्ये. महाराष्ट्रातील सहा जागांसाठी सात उमेदवार उभे होते आणि १९९८ नंतर प्रथमच तेथे राज्यसभेसाठी प्रत्यक्ष मतदान झाले. १० जून रोजी, शुक्रवारी, मतदान संपले; पण पक्षाच्या प्रतिनिधीला मतपत्रिका दाखवण्याच्या पद्धतीवरून निवडणूक आयोगाकडे तक्रारी गेल्या, मतमोजणी रात्री उशिरापर्यंत अडून राहिली आणि निकाल शनिवारी पहाटे लागला. तोपर्यंत शनिवारचे अंक छापून गाड्यांत चढले होते. सकाळी मी स्टॉलवर पोहोचलो, तेव्हा मालक अंक हातात देण्याआधीच म्हणाले, "मास्तर, आजच्या पेपरात निकाल नाही. उद्याचे ठेवतो, दोन्ही एकदम न्या." हातातले गिऱ्हाईक सोडून खरे सांगणारा विक्रेता मला मोठा वाटतो.

रविवारच्या गठ्ठ्यात सर्वांत उपयोगी ठरली ती कोल्हापूर आवृत्ती, कारण सहाव्या जागेसाठी झुंजलेले भाजपचे धनंजय महाडिक आणि शिवसेनेचे संजय पवार हे दोघेही कोल्हापूरचे. पवारांना पहिल्या पसंतीची ३३ मते मिळाली आणि महाडिकांना २७. तरीही निवडून आले महाडिक. ज्यांनी केवळ पडद्यावरचे आकडे पाहिले, त्यांच्यापैकी अनेकांना यात काहीतरी गैर झाले असे वाटले. प्रत्यक्षात हिशेब सरळ आहे. प्रत्येक मतपत्रिकेचे मूल्य १०० धरले जाते. शिवसेनेचे आमदार सुहास कांदे यांचे मत बाद झाल्यावर २८४ मते वैध राहिली, म्हणजे एकूण मूल्य २८,४००. त्याला जागांच्या संख्येपेक्षा एक अधिक, म्हणजे सातने भागायचे, अपूर्णांक सोडायचा आणि एक मिळवायचा; जिंकायला लागणारे मूल्य, म्हणजे कोटा, येतो ४,०५८. भाजपच्याच पीयूष गोयल आणि अनिल बोंडे यांना प्रत्येकी ४८ मते होती, म्हणून दोघांकडे कोट्यापेक्षा ७४२ मूल्य अधिक उरले. ते दुसऱ्या पसंतीनुसार महाडिकांकडे वळले आणि त्यांचे २,७०० कोट्याच्या पलीकडे गेले. पवारांची सुरुवात ३,३०० पासून झाली खरी. परंतु त्यांच्या आघाडीचे इमरान प्रतापगढी ४४, प्रफुल्ल पटेल ४३ आणि संजय राऊत ४१ मतांवर असल्यामुळे त्या तिघांची सगळी शिल्लक धरली तरी बेरीज ३,९२६ वर थांबते. एका पक्षाने आपली मते पहिल्या दोन उमेदवारांवर का साठवली आणि दुसऱ्या बाजूने ती का पसरली, हा त्या निवडणुकीचा गाभा होता, आणि तो मला या स्टॉलवरच्या कागदावर पेन्सिलीने बेरजा करताना उमगला.

फेब्रुवारी २०२४ च्या द्वैवार्षिक निवडणुकीत ५६ जागांपैकी ४१ बिनविरोध भरल्या गेल्या आणि मतदान झाले ते उत्तर प्रदेश, कर्नाटक व हिमाचल प्रदेशातील १५ जागांसाठी. हिमाचलात भाजपचे हर्ष महाजन आणि काँग्रेसचे अभिषेक मनु सिंघवी यांना प्रत्येकी ३४ मते पडली आणि चिठ्ठी काढावी लागली. चिठ्ठीत ज्याचे नाव निघाले तो उमेदवार बाद, अशा रीतीने सिंघवी हरले, आणि पुढे याच पद्धतीला त्यांनी उच्च न्यायालयात आव्हान दिले. आणखी एक गोष्ट पहिल्या दिवसाच्या घाईत निसटण्याजोगी होती. काँग्रेसच्या ज्या सहा आमदारांनी विरोधी उमेदवाराला मत दिले, ते अपात्र ठरले ते त्या मतामुळे नव्हे, तर नंतर अर्थसंकल्पाच्या वेळी पक्षादेश मोडल्यामुळे. तीन दिवसांचे अंक समोर असले की असा फरक ठळक दिसतो.

गोव्याच्या वाचकांसाठी मात्र स्टॉलवरची सर्वांत मोलाची वस्तू विक्रीला नाही. मालकांनी गोव्याशी संबंधित राज्यसभा निकालांच्या कात्रणांची एक फाइल राखली आहे आणि मागितली तर ती तेथेच उभे राहून वाचायला देतात. आपल्या राज्याला जागा एकच, म्हणून येथे मताचे मूल्य १०० नसून एक असते आणि वैध मतांच्या निम्म्याहून एक अधिक मत मिळवणारा जिंकतो. २१ जुलै २०१७ रोजी भाजपचे विनय तेंडुलकर यांनी काँग्रेसचे शांताराम नाईक यांचा २२ विरुद्ध १६ मतांनी पराभव केला. सभागृह चाळीसचे असताना मते अडतीस का, याचे उत्तर फाइलमध्ये मिळते. पणजी आणि वाळपई या दोन जागा तेव्हा रिक्त होत्या आणि मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर स्वतः त्या दिवशी आमदार नव्हते. सरकारच्या प्रमुखाला राज्याच्या एकमेव राज्यसभा जागेसाठी मत देता आले नाही, ही बाब मला निकालाच्या आकड्यांइतकीच लक्षात ठेवण्यासारखी वाटते.

जुलै २०२३ मध्ये भाजपचे सदानंद शेट तानावडे बिनविरोध निवडून आले. बिनविरोध निकालात वाचायला आकडे नसतात, म्हणून तो निकाल सभागृहातील बलाबलावरून वाचावा लागतो. सप्टेंबर २०२२ मध्ये आठ काँग्रेस आमदार भाजपमध्ये गेल्यानंतर काँग्रेसकडे तीनच आमदार उरले होते. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराच्या अर्जावर सभागृहाच्या दहा टक्के, म्हणजे गोव्यात चार आमदारांच्या सूचक म्हणून सह्या लागतात. मतदानाचा प्रश्न पुढचा. एकट्या पक्षाला अर्ज भरण्याइतके बळही उरले नव्हते. माझ्या मते गोव्यातील कोणत्याही निकालापेक्षा ही स्थिती अधिक गंभीर आहे आणि प्रत्येक मतदाराने ती माहीत करून घेतली पाहिजे.

याच फाइलमध्ये पर्रीकर २०१४ मध्ये उत्तर प्रदेशातून आणि लुईझिन फालेरो २०२१ मध्ये पश्चिम बंगालमधून राज्यसभेवर गेल्याची कात्रणेही आहेत. २००३ च्या दुरुस्तीने उमेदवार त्या राज्याचा रहिवासी असण्याची अट उठली, म्हणून हे शक्य झाले. ती कात्रणे गोव्याच्या फाइलमध्ये ठेवण्याचा मालकांचा निर्णय मला योग्य वाटतो.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. मुंबई आवृत्त्या दुपारनंतर पोहोचतात आणि पावसाळ्यात कधी दुसऱ्या दिवशीही येतात. बसायला जागा नाही, त्यामुळे फाइल वाचणाऱ्या वयस्क माणसाला त्रास होतो. एक बाकडे ठेवता आले तर बरे. कात्रणांवर तारखा आहेत, पण बऱ्याच ठिकाणी दैनिकाचे नाव लिहिलेले नाही, आणि संदर्भ म्हणून वापरायचे असेल तर ही मोठी अडचण ठरते. शुक्रवारी बाजाराच्या गर्दीत मालकांना बोलायला वेळ नसतो, म्हणून अंक राखून ठेवण्याविषयी गुरुवारीच सांगावे. पैसे रोख किंवा यूपीआयने देता येतात. राखलेला गठ्ठा आठवडाभरात नेला नाही, तर तो रद्दीत जातो.